माडी आणि माजघर

घराच्या वाटण्या होतात तेव्हां भिंती मोजल्या जातात, अंगणाच्या मधोमध दोरी धरली जाते, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात आणि देवघरांतले टाक कोणाकडे जावयाचे यावर दोन-तीन संध्याकाळी खर्च होतात. तांब्या-पितळेचीं भांडीं तराजूनें तोलून घेणारे सज्जनहि मीं पाहिले आहेत. परंतु आवाजाची वाटणी कोणीं करून दिल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. एकत्र कुटुंबांत तशी गरजच कोणास भासली नसावी. आमच्या घरांत ती भासली. आणि समंजस म्हणविणाऱ्या एका कुटुंबाचें मन पाऊण इंच जाडीच्या फळीवरून कसें दुभंगूं लागतें, हें मला अगदीं जवळून पाहावयास मिळालें. जुन्या घरांत वर-खालीं बिऱ्हाडें करून राहणारीं कुटुंबें आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कांहींना तरी या अनुभवाचा उपयोग होईल, म्हणून तो येथें लिहीत आहें.

हातकणंगले येथील आमचा वाडा पणजोबांनीं बांधला. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांनीं घराचा पाया खणला, असें घरांत सांगत आले आहेत. खालीं ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर, वर माडी. भिंतीपासून भिंतीपर्यंत सागवानी तुळया, तुळयांवर जवळजवळ बसविलेल्या कड्या, कड्यांवर फळ्यांचा पाट, आणि त्या पाटावर चार इंच जाडीची चोपून बसविलेली माती. मातीवर दर आठ दिवसांनीं शेणाचें सारवण. आम्ही लहान असतांना माडीवर सात-आठ पोरें लंगडी खेळत असूं आणि खालीं माजघरांत आजोबा दुपारची झोप घेत. त्यांची झोप आम्हीं मोडल्याचें स्मरत नाहीं. वडिलांच्या पश्चात् माडी धाकट्या भावाकडे गेली. खालचा भाग माझ्याकडे आणि माजघराबरोबर आमच्या काकू. चुली दोन झाल्या, तुळस एकच राहिली, आणि पुष्कळ वर्षें कोणाचें कांहीं अडलें नाहीं.

२०१९ सालच्या ऑगस्टांतला पाऊस कोल्हापूर जिल्ह्यांत कोणी विसरलें नसेल. पंचगंगेच्या पुरानें नदीकांठचीं गांवें वेढलीं. आमच्या वाड्यास पूर शिवला नाहीं. पण कौलांतून इतकें पाणी झिरपलें कीं माडीची जमीन भिजून फुगली आणि माजघरांत चिखलाचे थेंब पडूं लागले. दुरुस्तीस आलेल्या मिस्त्रीचें मत पडलें कीं ही माती म्हणजे तुळयांवरचा फुकटचा भार आहे. ती काढावी, वर प्लायवुड ठोकावें आणि त्यावर लाकडासारखी दिसणारी विनाइलची चादर अंथरावी. भावानें तसें केलें. माडी झगझगीत दिसूं लागली. सारवण सुटलें, खालीं गळणारी माती थांबली. मातीबरोबर आणखी एक गोष्ट घरांतून गेली होती. ती कोणती, हें पहिल्याच रात्रीं माजघरास कळलें.

वर कोणी अनवाणी चाललें तरी तें कोण, हें खालीं अंथरुणांत पडल्यापडल्या सांगतां येऊं लागलें. सकाळीं सहाला खलबत्त्याचे ठोके, सातला कपडे धुण्याच्या यंत्राची घरघर, संध्याकाळीं सहा वर्षांच्या पुतण्याचा चेंडू. भावाची पत्नी एका परदेशी कंपनीचें काम घरून करते. तिकडचा दिवस तो आपल्याकडील रात्र. त्यामुळें मध्यरात्रीनंतर एक-दीड वाजेपर्यंत तिच्या खुर्चीचीं चाकें काकूंच्या बरोबर डोक्यावर फिरत. काकूंचें वय चौऱ्यायशी. झोप आधींच चिमणीच्या घोटाएवढी. रेल्वेच्या शिटीनें त्यांची झोप जन्मांत कधीं मोडली नाहीं. खुर्ची इंचभर सरकली कीं मात्र त्या उठून बसत. मला याचें प्रथम नवल वाटे. विचार करतां लक्षांत आलें कीं रेल्वे ठरल्या वेळेस येते, निघून जाते आणि तिचा कोणावर राग धरतां येत नाहीं. वरची खुर्ची केव्हां सरकेल हें ठाऊक नसतें, आणि ती सरकविणारें माणूस आपलें असतें. कानाला जें टोंचतें त्याचा मोठा वाटा वाट पाहण्यांत असतो.

काकू तोंडानें कांहीं बोलत नसत. एके दिवशीं मात्र दुपारच्या जेवणाच्या वेळीं म्हणाल्या, “वर घर नांदतंय हें ऐकून बरं वाटतं रे, पण मध्यरात्रीं तरी त्यानं नांदूं नये.” आम्ही हंसलों. पुढें हंसणें आटलें. वर खुर्ची ओढली गेली कीं खालीं कोणाच्या तरी हातून दार जरा जोरानें लागूं लागलें. पुतण्याला ‘पळूं नकोस’ हें दिवसांतून इतक्या वेळां सांगितलें जाऊं लागलें कीं तो खालीं येईनासा झाला. संक्रांतीचा तिळगूळ दोन्ही घरीं वेगवेगळा झाला. भावानें इचलकरंजीस एक सदनिका पाहून ठेवली आहे, ही बातमी मला त्याच्याकडून नव्हे, तर वाण्याच्या दुकानांत कळली. शंभरांहून अधिक वर्षें उभें असलेलें घर रिकामें होण्याच्या वाटेस लागलें होतें, आणि कारण काय, तर पाउलांचा आवाज!

शेजारपाजारच्या लोकांना ही तक्रार ऐकून मौज वाटे. “इचलकरंजींत चार दिवस राहा, मग कळेल आवाज कशास म्हणतात,” असें ते म्हणत. तें खोटें नव्हे. आमच्याच तालुक्यांतील या गांवीं विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा त्या उद्योगास आश्रय होता. पुढें गल्लोगल्लीं माग झाले. खालीं माग आणि वर बिऱ्हाड अशीं घरें तेथें कमी नाहींत. धोट्याची फेक आणि फणीचा ठोका यांनीं मागाच्या खोलींतला आवाज नव्वद डेसिबलांच्या पुढें जातो. शेजाऱ्याशीं बोलावयाचें तर कानाशीं तोंड न्यावें लागतें. तेथील माणसें त्यांत झोपतात, मुलें अभ्यास करतात, हें खरें. तथापि ‘संवय होते’ म्हणून आपण जें म्हणतों त्याचा अर्थ पुष्कळदां इतकाच असतो कीं कानानें आपला कांहीं भाग कायमचा गमावलेला असतो. आणि मागाच्या आवाजावर पोट चालतें. खुर्चीच्या आवाजावर निदान आमच्या माजघराचें तरी कांहीं चालत नव्हतें.

कायद्याचीहि आठवण एकानें करून दिली. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें राहत्या वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहापासून सकाळीं सहापर्यंत. परंतु ही मर्यादा कारखाने, कर्णे आणि रस्ता यांच्यासाठीं. सख्ख्या भावाच्या टाचा मोजावयास पोलीस ठाण्यांतून माणूस बोलवावा, इतकी आमची मजल गेली नव्हती.

शेवटीं मीं आठवडाभर एक वही ठेवली. कोणता आवाज, किती वाजतां, कोठून आला, एवढेंच तींत टिपावयाचें; तो कोणीं केला हें लिहावयाचें नाहीं. आठवड्याच्या शेवटीं वही चाळतांना एक गोष्ट स्वच्छ दिसली. वरचें बोलणें, हंसणें, रडणें, दूरदर्शन यांची नोंद फारच थोडी होती. बहुतेक नोंदी ठोक्यांच्या होत्या: टाच, खलबत्ता, चेंडू, खुर्ची, यंत्र. घरांत आवाज दोन वाटांनीं फिरतो. एक वाट हवेची. बोललेला शब्द हवेंतून येतो, छताला हलवितो आणि पलीकडे उतरतो. वाटेंत जड पदार्थ असला तर तो थकतो. दुसरी वाट धक्क्याची. टाच फळीवर आपटते, फळी कडीला हलविते, कडी तुळईला आणि तुळई भिंतीला. येथें सारें घरच मृदंगासारखें वाजतें. पहिल्या आवाजास जडपणानें अडवितां येतें. दुसऱ्यास मुख्यतः मऊपणानें, आणि तेंहि जेथें धक्का बसतो तेथेंच. हा भेद न कळल्यामुळें लोक पुष्कळ पैसा भलतीकडे घालवितात.

वही घेऊन मी माडीवर गेलों. आम्ही चौघे बसलों आणि मीं ती वाचून दाखविली. भावाच्या पत्नीनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “दादा, यांत एक आवाज राहिला. पहांटे चारचा.” काकू चारला उठून माजघरांतल्या झोपाळ्यावर जप करतात. झोपाळ्याच्या कड्या तुळईंत ठोकलेल्या. तीच तुळई माडीच्या जमिनीखालून जाते. दीडला काम संपवून अंग टाकलेल्या त्या मुलीची झोप रोज चारला कुरकुरीनें मोडत होती, आणि तिनें तें दोन वर्षें कोणास सांगितलें नव्हतें. “जपाच्या आड कसं यायचं?” असें ती म्हणाली. खालीं येऊन काकूंना हें सांगितलें तेव्हां त्या पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “पाटावर बसून केलेला जपहि देवाला पोंचतो.” त्या दिवसापासून सहापर्यंत झोपाळा हलला नाहीं. आमच्या घरांतली पहिली दुरुस्ती ती, आणि तिला एक पैहि लागली नाहीं.

पुढच्या दुरुस्तीविषयीं सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणीं सांगितलें, माजघराच्या छताला अंडीं ठेवण्याचे पुठ्ठ्याचे कप्पे चिकटवा. ही वस्तु आमच्या माजघराच्या छतास लागण्याविषयीं काकूंचें मत काय पडलें तें लिहिण्याचें कारण नाहीं. परंतु आक्षेप केवळ सोंवळ्याचा नव्हता. मऊ वस्तु खोलींत ठेवल्यानें त्याच खोलींतला घुमारा कमी होतो. दुसरीकडून येणारा ठोका अडत नाहीं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहांत शब्द इतका घुमे कीं वक्त्याचें वाक्य कळेना. १८९५ सालीं तें काम वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे आलें. त्यानें रात्रीं जवळच्या नाट्यगृहांतील गाद्या उचलून आणाव्या, त्या एकेक मांडीत जावें आणि आवाज विरण्यास किती वेळ लागतो तें मोजावें, असा क्रम चालविला. गाद्यांनीं घुमारा गेला, आणि त्यांतून एक शास्त्र जन्मास आलें. पण सॅबिनच्या डोक्यावर कोणी खुर्ची ओढीत नव्हतें! तसेंच टॉमस कार्लाइलचें. शेजारचे कोंबडे आणि पियानो यांना कंटाळून त्यानें १८५३ सालीं लंडनमधील आपल्या घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, छतांतून उजेड घेणारी एक खोली बांधावयास घेतली. पैसा गेला, महिने गेले, आणि ती खोली घरांतील सर्वांत गोंगाटाची ठरली.

कोणीं सुचविलें, माजघरास खालून दुसरें छत टांगा. तें नीट टांगलें तर उपयोगी पडतें यांत शंका नाहीं. परंतु जुन्या घरांत कडीपाट झाकणें म्हणजे ओल, वाळवी आणि कुजलेली कडी यांना पडदा करून देणें होय. शिवाय झोप न आल्यास काकू कड्या मोजतात. त्या झाकल्यावर त्यांनीं काय मोजावें? म्हणून उपाय वरूनच करावयाचा ठरला.

जुन्या मिस्त्रींनीं चार इंच माती कां घातली होती, याचा उलगडा आम्हांस तेव्हां झाला. एक चौरस मीटर जागेवरील चार इंच मातीचें वजन दीडशे किलोंहून अधिक भरतें. तेवढ्याच जागेवरील पाऊण इंच प्लायवुडचें बारा-तेरा किलो. आडव्या पदार्थाचें वजन दुप्पट झालें तर हवेंतून येणारा आवाज साधारणपणें ५ ते ६ डेसिबलांनीं उतरतो, आणि १० डेसिबल उतरला तर कानाला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे मिस्त्रीनें जो फुकटचा भार म्हणून फेंकला तोच आमच्या आजोबांची दुपारची झोप होती. ही युक्ति केवळ आपल्याकडीलच नव्हे. स्कॉटलंडमधील जुन्या दगडी बहुमजली घरांत दोन मजल्यांमध्यें राखेचा थर घालीत, आणि त्या थरास तिकडील कारागीर ‘बहिरें करणें’ अशा अर्थाच्या शब्दानें ओळखतात. जमीन बहिरी करावी म्हणजे माणसांस व्हावें लागत नाहीं!

मात्र गेलेली माती तशीच परत घालणें हाहि शहाणपणा नव्हे. आम्हीं प्रथम कोल्हापुरांतून इमारतींच्या जाणकार अभियंत्यास आणून तुळया तपासून घेतल्या. दोन तुळयांचीं भिंतींत शिरलेलीं टोकें ओलीनें कुजलीं होतीं. तीं आधीं दुरुस्त झालीं. त्यानें पूर्ण मातीच्या निम्म्या वजनास संमति दिली. मग प्लायवुड उचकटलें. फळ्यांच्या सांधी बुजवून त्यांवर जाड ताडपत्री पसरली, आणि तिच्यावर दोन इंच कोरडी वाळू. वाळूंत रबराच्या पट्ट्यांवर लाकडी रिपा ठेविल्या आणि त्या रिपांवर नवी फळी बसविली. ही फळी तुळईस किंवा कडीस खिळ्यानें कोठेंच ठोकलेली नाहीं, आणि भिंतीपासूनहि ती बोटभर सुटी आहे; त्या फटींत लोंकरीचा नमदा भरला. सारें रहस्य या न ठोकण्यांत आहे. एका कोंपऱ्यांत सुताराच्या संवयीच्या हातानें तीन खिळे आरपार गेले होते. तेवढ्या जागीं पाऊल पडलें कीं खालीं पूर्वीप्रमाणेंच ठोका येई. खिळे काढल्यावर तो गेला. जिन्याच्या दाराच्या फटींसहि नमद्याची कड लाविली. फट ही आवाजाला पाण्यासारखीच पुरते; भिंत कितीहि जाड असो.

राहिले धक्के, त्यांचे उपाय घरचेच. आमच्या तालुक्यांत पट्टणकोडोलीची घोंगडी प्रसिद्ध आहे. त्या दोन घोंगड्या आणल्या. एक घडी करून खलबत्त्याखालीं गेली, दुसरी खुर्चीखालच्या सतरंजीच्या पोटांत. खुर्चीचीं चाकें काढून पायांस नमद्याच्या चकत्या बसविल्या. कपडे धुण्याचें यंत्र खालीं परसांतल्या दगडी कट्ट्यावर आलें. आतां दोन्ही घरांचे कपडे त्यांतच धुतले जातात. झोपाळ्याच्या कड्यांना चामड्याच्या चकत्या आणि महिन्यास तेल. पुतण्याला चेंडूसाठीं अंगण मोकळें झालें, आणि तो पुन्हा खालीं येऊं लागला. चेंडूपेक्षां काकूंच्या डब्यांतल्या वड्यांचें त्याला अधिक आकर्षण असावें, असा माझा कयास आहे.

आतां वर कोणी चालतें तें अगदीं कान देऊन ऐकलें तर कळतें. खुर्ची कळत नाहीं. काकू मध्यें एकदांच उठतात, त्याहि वयोमानानें. इचलकरंजीची सदनिका दुसऱ्या कोणीं घेतली, हेंहि मला वाण्याच्याच दुकानांत कळलें. भावानें तिचा विषय काढला नाहीं. मींहि काढला नाहीं.

एक अडचण मात्र नवीन उभी राहिली. पूर्वीं रात्रीं कांहीं लागलें तर काकू काठीनें कडीवर तीन ठोके देत आणि माडीवरून कोणी तरी धांवत येई. माझ्या झोपेविषयीं घरांत फारसा विश्वास नाहीं, म्हणून ही व्यवस्था. जमीन बहिरी झाल्यावर ते ठोके वर पोंचेनासे झाले. हें प्रथम लक्षांत आलें तें भावाच्या पत्नीच्या. वर दिव्याखालीं ती काम करीत बसली असतां तिला वाटलें कीं इतकें शांत आहे तें बरें नव्हे. म्हणून ती जिना उतरून पाहावयास आली. काकू स्वस्थ झोपल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं तिनें बाजारांतून विजेची घंटी आणली. तिची कळ काकूंच्या उशाशीं आहे आणि घंटी माडीवर तिच्या मेजाशेजारीं. तिचा आवाज बारीक आहे, पण सबंध घरांत तेवढा एकच आवाज असा आहे कीं तो कमी व्हावा असें कोणासहि वाटत नाहीं.